भैरूचा खांदा

“कुठला गुडघा?” वस्तादांनी विचारलं.

“डावा,” मी म्हणाले.

“आन् पट्टी?”

मी खाली पाहिलं. पट्टी उजव्या गुडघ्याला होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विरलं. आमच्या तालमीत चोरी करून पकडलेली पोरगी परवडली असती, खोटं दुखणं सांगणारी नाही.

आमची तालीम म्हणजे नदीकाठची पत्र्याची शेड. आत लाल मातीचा हौद. ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून वस्तादांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली ती माती. कोल्हापूर भागात पैलवानांना तोटा नाही, पण पोरींना हौदात उतरवणारे आमच्या पंचक्रोशीत एकटे दत्तोबा वस्तादच होते. रोज पहाटे मारुतीला हात जोडले की पोरींनी हौदाभोवती गोल उभं राहायचं आणि एकेकीनं आपलं दुखणं मोठ्यानं सांगायचं. खांदा, मनगट, मान, काय असेल ते. पाळी आली असेल तर तेसुद्धा. नवी पोरगी पहिल्यांदा ते सांगताना लाजून अर्धी व्हायची, आणि वस्ताद मात्र “बरं, आज बैठका नकोत तुला,” एवढंच म्हणून पुढं सरकायचे. जिचं काहीच दुखत नसेल तिनं “काही नाही” म्हणायचं. दुखणं कळलं की जोडीदारानं त्या जागी हात घालायचा नाही. साधा नियम होता.

नियमामागं गोष्ट होती आणि ती गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. वस्तादांचा धाकटा भाऊ भैरू त्यांच्याहून सरस मल्ल. त्यानं खांद्याचं दुखणं लपवलं, तसाच कुस्त्या धरत राहिला. खांदा कायमचा गेला आणि त्या दुःखात त्यानं जीव दिला. तेव्हापासून दत्तोबांनी नियम केला की दुखणं लपवायचं नाही. आणि त्याच्याच पोटात दुसरा नियम, की नसलेलं सांगायचं नाही. सांगितलं तर अख्खा हौद एकटीनं खणायचा आणि वस्तादांना वाटलं तर तालीम बंद.

“पट्टी सोड,” वस्ताद म्हणाले.

मी सोडली. त्यांनी खाली बसून आधी उजवा गुडघा चाचपला, मग डावा. वाटी हलवून पाहिली. त्यांची बोटं जाड होती, पण दुखरी जागा त्यांना लगेच सापडायची.

“उठ. बस. उडी मार.”

मी उडी मारली. शपथेवर सांगते, त्या वेळी तरी गुडघ्यात एखादी कळ यावी म्हणून मी देवाचा धावा केला. देवही कधीकधी सुट्टीवर असतो.

“दोन्ही ठणठणीत हायती,” वस्ताद उभं राहत म्हणाले. “बोल आता.”

माझ्या शेजारी माझी जोडीदारीण शमा मुल्लाणी उभी होती. ती घाईघाईनं म्हणाली, “वस्ताद, काल डावा दुखत असंल, आज उजवा. होतं असं कधीकधी.”

“शमे, तुला इचारलंय का?”

शमा एक पाऊल मागं सरली.

मला काय झालं होतं, हे आज मी सहज सांगते. तेव्हा मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. बारावीचं वर्ष होतं, पण अभ्यासाचा धसका म्हणावा तर पुस्तकाचं मला कधीच भय नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. कारण असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं. दिवाळी झाली, थंडी पडली आणि माझ्यातलं कुणीतरी निघून गेलं, एवढंच मला कळत होतं. जेवण मातीसारखं लागायचं. झोप यायची नाही. शमा विनोद करायची, सगळ्या हसायच्या, आणि हसायचं कसं असतं ते मी त्यांच्याकडं बघून करायची.

घरी बोलून पाहिलं होतं. आईनं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर होती, असं म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी परत उतरवल्या. आबा गावच्या दूध संकलन केंद्राचा टेम्पो चालवायचे. ते म्हणाले, “वैजे, चार म्हशी राखायला दिल्या की आपोआप बरं वाटंल. सुख बोचतंय तुला.” त्यांचंही बरोबरच असावं असं मला वाटलं. बोचायला सुख कुठं होतं, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

मग एके दिवशी सकाळी तालमीत दुखणं सांगायची माझी वेळ आली आणि मला “काही नाही” म्हणवेना. काहीतरी दुखत होतंच. पण ते कुठं आहे हे सांगायला अवयव लागतो. मी म्हणाले, “डावा गुडघा.” वस्तादांनी लेप दिला, शमानं माझा डावा पाय हौदात वर्ज्य मानला. समोरच्याचा पट काढून, म्हणजे पाय धरून पाडण्यात तिचा हात धरणारी जिल्ह्यात नव्हती, पण माझ्यासाठी तिनं आपला हुकमी डाव सोडला. सगळ्या मला सांभाळून घेऊ लागल्या. एवढ्याशा खोटेपणानं थोडी ऊब मिळायची. म्हणून मी खोटं बोलत राहिले, आणि त्या सकाळी पट्टी कुठल्या पायाला बांधली याचंही मला भान राहिलं नाही.

“वैजयंता,” वस्ताद म्हणाले. पूर्ण नाव ते फक्त रागावल्यावर घ्यायचे. “कामचुकारपणा केलास व्हय?”

सुटायचं असतं तर दार उघडं होतं. ‘व्हय, चुकलं’ म्हणायचं, हौद खणायचा, विषय संपला. किंवा वस्ताद म्हणाले असते, उद्यापासून येऊ नकोस. मला त्याचंच भय होतं. तालीम सुटली असती तर सकाळी अंथरुणातून उठायला मला काही कारणच उरलं नसतं, आणि मग मी स्वतःचं काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

मी तोंड उघडलं तर शमाच बोलली. या खेपेला वस्तादांशी नाही, माझ्याशी.

“वैजे, माझं काय चुकलं का? मी जोरात धरती म्हणून सांगितलंस व्हय गुडघा? तसं असंल तर सांग की. मी हळू धरीन.”

ही बया, जिनं आदल्या वर्षी खालच्या आळीतल्या एका टवाळ पोराला भर बाजारात उचलून गटारात ठेवला होता, ती रडवेली होऊन माझ्याकडं बघत होती. मला ते सोसलं नाही.

“तुझं काय नाही गं,” मी म्हणाले. “दुखतंय ते खरंच दुखतंय. पण गुडघा नाही.”

“मग कुठं?” वस्तादांनी विचारलं.

“ठाऊक नाही, वस्ताद. हात लावून दाखवता येत नाही.” इतकं बोलून मी थांबणार होते, पण थांबता आलं नाही. “सकाळी डोळं उघडलं की वाईट वाटतं. उघडलं म्हणून वाईट वाटतं.”

शेडमध्ये कबुतरं फडफडली. मागून एक पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, “येडबिड लागलं का काय हिला?”

“हौसाक्का,” वस्ताद मान न वळवता म्हणाले, “गेल्या साली तुझं मनगट मोडलं तवा कोण हसलं हुतं?”

“कोण न्हाई, वस्ताद.”

“मग?”

वस्ताद माझ्यासमोर हौदाच्या कडेवर बसले. मलाही बसायला सांगितलं. आणि मग त्यांनी मला तेच प्रश्न विचारले जे ते कुठल्याही दुखण्याला विचारायचे, त्याच आवाजात, त्याच क्रमानं.

“कवापास्नं हाय?”

“दिवाळीपासनं.”

“वाढतं कवा?”

“सकाळी. आणि सगळी हसत असली की.”

“कुणाला बोललीस?”

“आईला. आबांना. त्यांना कळलं नाही.”

“जिवाचं काय बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं?”

इतकं सरळ कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. चोरासारखी लपवलेली गोष्ट त्यांनी भर उजेडात आणून ठेवली होती, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

“येतं,” मी म्हणाले. “कधीकधी.”

शमानं माझा हात धरला. कुस्तीत धरायची तसाच, सुटू न देणारा.

वस्तादांनी मूठभर माती उचलली आणि बोटांतून खाली सोडली.

“भैरूचा खांदा ठणठणीत हुता,” ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

“पोरींनो, ऐका. ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई, माझ्या बायकोलासुद्धा. भैरूच्या खांद्याला कायबी झालं नव्हतं. त्यो जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. रातचं उठून हौदाच्या कडंला येऊन बसायचा. मला एकदा म्हणाला, दादा, मला बरं वाटत न्हाई. म्या इचारलं, कुठं दुखतंय? त्यो म्हणाला, ते सांगता येत न्हाई. मी म्हणालो, मग दुखत न्हाई. जोर मार, घाम गाळ, ठीक हुशील.” त्यांनी गळ्याजवळची शीर चोळली. “त्यानं जोर मारलं. लई मारलं. आन् मग एक दिवस गेला. लोक इचाराय लागली, असा धडधाकट गडी, काय झालं काय? मला सांगता यीना. मी म्हणालो, खांदा. खांदा लोकास्नी कळतो.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. कोल्हापूरच्या मैदानात भल्याभल्यांना अस्मान दाखवलेला तो माणूस आमच्यासमोर लहान मुलासारखा रडत होता. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी माझ्या सख्ख्या आजोबांबद्दलही कधी वाटली नाही. आणि एक गोष्ट अशी झाली की कित्येक आठवड्यांनी मलाही रडू आलं. नुसतं डोळ्यांत नाही, चांगलं ढसाढसा.

वस्ताद उठले. कोपऱ्यातून कुदळ आणली आणि माझ्यासमोर धरली.

“नियम म्हंजी नियम. खोटं दुखणं सांगितलंस. हौद खणायचा.”

“व्हय, वस्ताद.”

मी कुदळ घेतली. ते परत कोपऱ्यात गेले, दुसरी कुदळ घेऊन आले आणि धोतराचा सोगा खोचून हौदात उतरले.

“वस्ताद, तुमी?” शमा ओरडली.

“मी हिच्यापेक्षा जुना गुन्हेगार हाय,” ते म्हणाले. “हिनं गुडघा सांगितला, मी खांदा. चल गं, वैजे. तू त्या टोकानं धर.”

आम्ही खणायला लागलो. वर्षभर अंगं आपटून घट्ट झालेली माती. पहिल्या घावाला कुदळ नुसती उसळली. वस्तादांना लगेच दम लागला. ते थांबून कंबर धरायचे, परत घाव घालायचे. वर उभ्या पोरी चुळबुळत होत्या. मग शमा उतरली.

“माझंबी एक हाय,” ती म्हणाली आणि फावड्यानं ढेकळं फोडू लागली. “परवा मी मान आखडली म्हणाले. मान न्हवती. घरात भांडण झालं हुतं. अब्बा दोन दिवस घरला आलं न्हवतं. माझं ध्यानच लागत न्हवतं.”

“उतरलीयास तर खण,” वस्ताद म्हणाले. “आन् अब्बा आलं का?”

“आलं. जिलेबी घिऊन आलं. जसं काय झालंच न्हाई.”

हौसाक्काही उतरली. तिनं सांगितलं की मनगट बरं होऊन जमाना झाला, पण हौदात पाऊल टाकलं की अजून छातीत धडधडतं, म्हणून ती अधूनमधून मनगटच पुढं करते. एकीला परीक्षेच्या नुसत्या आठवणीनं ओकारी यायची. एकीला काहीच नव्हतं. ती म्हणाली, “माझं खरंच काय न्हाई, पण मी एकटीच वर काय करू?” त्यावर सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. कुणाकडं बघून नाही.

हाताला काम असलं की तोंड सुटतं म्हणतात ते खोटं नाही. ऊन शेडच्या पत्र्यावर आलं तोवर हौद खणून झाला होता आणि त्या मातीत काय काय बाहेर आलं होतं ते आम्हालाच ठाऊक.

खरी कुस्ती मात्र पुढंच होती. वस्ताद तसेच मातीनं माखलेले माझ्या घरी आले. आबा टेम्पोत दुधाचे कॅन चढवत होते.

“मारुती,” वस्ताद म्हणाले, “पोरीला डॉक्टरकडं न्यायची हाय. शहरातल्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर हायत्या.”

आबांच्या हातातला कॅन तसाच राहिला. “वस्ताद, काय बोलताय? शेजारपाजारी ऐकतील. उद्या पोरीचं लगीन करायचंय मला. येड्याच्या डॉक्टरकडं नेली म्हणून कळलं तर दारात कोण उभं ऱ्हाईल?”

“हिच्या गुडघ्याची शीर तुटली असती तर नेली असतीस?”

“तवाच्या तवा नेली असती.”

“रस्त्यात कुणी इचारलं असतं तर लपवलं असतंस?”

“गुडघ्यात लपवायसारखं काय हाय?”

“मग ह्यात काय हाय?”

आबा माझ्याकडं बघू लागले. मला वाटतं, त्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. माझे गाल बसले होते ते त्यांना तेव्हा दिसलं असावं.

“लई तरास हुतो का गं?” त्यांनी विचारलं.

“होतो, आबा.”

“मग मी म्हशीचं बोललो तवा भांडायचं न्हाई का माझ्याशी? एरवी तर तोंड थांबत न्हाई तुझं.” “मला वाटलं, पोरगी मोठी झाली, म्हणून गप झाली.”

वस्ताद खाकरले. “मारुती, मी माझ्या भावाला न्यायचा ऱ्हायलो. तू पोरीला ने. काढ टेम्पो.”

आबांनी अर्धे कॅन खाली उतरवले, बाकीचे वाटेत टाकू म्हणाले. पुढच्या सीटवर आबा, मी आणि आई. वस्ताद मागं दुधाच्या कॅनांना टेकून, मातीनं लाल झालेले, एखाद्या मिरवणुकीतल्या देवासारखे बसले. अवघं गाव बघत होतं. चावडीपाशी कुणीतरी हाक मारली, “वस्ताद, कुणीकडं?” आणि आतून मला त्यांचं खणखणीत उत्तर ऐकू आलं, “पोरीला बरं वाटत न्हाई. दवाखान्यात चाललोय.”

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. वस्ताद विचारायचे तेच प्रश्न त्यांनीही विचारले, फक्त पुष्कळ जास्त, आणि आई-आबांना बाहेर बसवून. आजाराला नाव होतं, औषध होतं, बोलायला दर आठवड्याला वेळ होती. “बरं व्हायला वेळ लागेल,” त्या म्हणाल्या. “मोडलेल्या हाडाला लागतो तसा.” त्या हिवाळ्यात जिल्ह्याची निवड होती. मी गेले नाही. वस्ताद म्हणाले, सांधा भरेपर्यंत कुस्ती न्हाई, पण तालमीत यायचं आन् कडंला बसायचं. तशी मी रोज बसायची. वाईट दिवस पुष्कळ आले. आले की मी गोलात सांगायची, “आज वाईट आहे,” आणि शमा सराव झाला की मला घरापर्यंत सोडायला यायची, उगाचच, वाटेत बोरं आणि चिंचा खात.

त्या दिवसानंतर गोलात एक जागा वाढली होती. वस्ताद आता बाहेर उभं राहून विचारत नसत, आमच्यात उभे राहत. सगळ्यांचं झालं की शमाच त्यांना विचारायची, “वस्ताद, तुमचं?” कधी कंबर असायची. कधी ते म्हणायचे, “आज भैरू आठवतोय.” मग आम्ही त्या दिवशी वस्तादांना सांभाळून घ्यायचो.

आज त्या तालमीत गोलात उभं राहून पहिला प्रश्न मी विचारते. वस्ताद आता घरी खाटेवर असतात, नव्वदीला टेकलेत, आणि मी भेटायला गेले की अजून आधी माझं दुखणं विचारतात. नव्या पोरींच्या आया विचारतात, हे कसलं हो तुमच्या तालमीतलं खूळ? मी त्यांना सांगते, बसा आणि ऐका.

पण मला सांगायचं आहे ते त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळचं. आम्ही गोल उभ्या होतो. हौसाक्का म्हणाली, “मनगट. या टायमाला खरंच मनगट.” शमा म्हणाली, “काही नाही.” मग माझी सांगायची वेळ आली.

“काही नाही,” मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. वस्ताद गोलातून पुढं आले. गुडघा चाचपायचे तसे त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून न्याहाळला, डोळे, गाल, परत डोळे.

“खरं?”

मी स्वतःच्या आत पाहिलं, नीट, घाई न करता. तिथं सकाळ होती. भूक लागली होती.

“खरं, वस्ताद.”

त्यांनी मागं सरून मांडीवर थाप मारली आणि शड्डू ठोकला. या वयात, असा, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग शमानं ठोकला, हौसाक्कानं मनगट सांभाळून ठोकला, आणि मग सगळ्या पोरींनी. पत्र्याची शेड दणाणली. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“उतर,” वस्ताद म्हणाले.

मी हौदात उतरले. माती मऊ होती, आम्ही खणलेली. समोर शमा आली, कपाळाला माती लावली, हात मिळवला आणि दात दाखवून हसली.

“आता सोडत नसती हं,” ती म्हणाली.

ती वाकली, कधी आत शिरली ते मला कळलंच नाही. तिनं माझा डावा पाय गुडघ्यापाशी धरला, उचलला आणि मला अशी आपटली की पाठ मातीला लागल्याचा आवाज शेडभर झाला. मी उताणी पडून पत्र्याकडं बघत होते, तोंडात माती होती, आणि मला हसू आवरत नव्हतं. किती महिन्यांनी कुणीतरी मला सांभाळून घेतलं नव्हतं.

“परत,” मी उठत म्हणाले.